कबाडातून उभी राहणारी डर्ट बाइक : हुनर हाताशी आहे, पण हिशेब आणि कागद?

मोमीनपुरा, जाफरनगर किंवा कामठीच्या कोणत्याही जुन्या गॅरेजात बसलात, तर हल्ली एक नवेच गिऱ्हाईक भेटते. वय वीस-पंचवीस, हातात मोबाइल, त्यात परदेशी मोटारसायकलीचे चित्र. उंच पुढचे चाक, अरुंद टाकी, वर वळवलेला सायलेन्सर. म्हणतो, "उस्ताद, अशी बनवून द्या. दिसायला जुनी हवी, इंजिन फोर-स्ट्रोक हवे, शेतात-टेकडीवर पळाली पाहिजे." आणि जाता जाता विचारतो, "किती होतील?"

या शेवटच्या प्रश्नावर आपले बहुतेक मिस्त्री फसतात. अंदाजे आकडा सांगून टाकतात, काम तीन महिने चालते, मजुरी निघत नाही. वर गाडी पोलिसांनी पकडली तर गिऱ्हाईक बोट गॅरेजकडेच दाखवते. म्हणून हे काम घ्यावे की नाही, घ्यायचे तर कसे, याचा जरा तपशिलात विचार करू.

काम घ्यावे, असे माझे मत आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्सचे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. इंजेक्शनची गाडी बिघडली की ती कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते, तिथे संगणक जोडून दोष पाहतात. पाना आणि कान यांच्या जोरावर पोट भरणाऱ्या मिस्त्रीकडचे काम त्यामुळे कमी होत आहे. सुटे भाग ओळखणे, लेथवर बुश काढून घेणे, जुने इंजिन पुन्हा उभे करणे हा हुनर मात्र आपल्या वस्त्यांत अजून आहे, आणि शौकाच्या गाडीला नेमका तोच लागतो.

निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकत्र करून गाडी बनवणे याला आपण जुगाड म्हणून हसतो. पण इंग्लंडमध्ये डेरेक आणि डॉन रिकमन या दोन भावांनी १९५९ च्या सुमारास हेच केले. बीएसएची चेसिस, ट्रायम्फचे इंजिन, नॉर्टनचा फोर्क घेऊन त्यांनी चिखलाच्या शर्यतीसाठी गाडी बांधली आणि तिचे नाव ठेवले 'मेटिस', म्हणजे फ्रेंच भाषेत संकरित. पुढे त्यांनी स्वतःच्या चेसिस बनवून विकल्या. जुगाड आणि कारखाना यांत फरक एवढाच होता की रिकमन बंधूंनी मोजमाप लिहून ठेवले.

इंजिन कोणते घ्यावे?

गिऱ्हाईकाच्या मनात बहुधा बुलेट असते. हे इंजिन मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला तयार होऊ लागले ते १९५५ साली झालेल्या भागीदारीनंतर. जुन्या साडेतीनशे बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, ताकद १८ अश्वशक्ती. लांब स्ट्रोकमुळे कमी फेऱ्यांवरही गाडी खेचत राहते, चिखलात हा गुण मोठा. १९४८ साली इटलीत झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत याच बुलेटच्या पहिल्या नमुन्यांनी सुवर्णपदके मिळवली होती. म्हणजे बुलेट मूळची रानातली गाडीच. २०१९ मध्ये कंपनीने वर वळवलेला सायलेन्सर लावून 'ट्रायल्स' नावाने बुलेट आणली, ती फार दिवस टिकली नाही.

पण गाडीचे वजन दीडशे किलोच्या वर. जुन्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर नसून तरंगता बुश असतो. त्याला तेलाचा दाब आणि गरम तेल लागते. थंड इंजिनावर मूठ पिळणाऱ्या पोराच्या हाती ते सहा महिने टिकत नाही. शिवाय जुन्या बुलेटच्या चेसिसला खालून नळी नसते, इंजिन स्वतःच चेसिसचा भाग म्हणून ताण घेते. दगडावर आपटले की थेट क्रँककेस फुटते. खाली जाड पत्र्याची ढाल बांधणे सक्तीचे समजा. थोडक्यात, सावकाश टेकडी चढायची असेल तर बुलेट घ्यावी, उड्या मारायच्या असतील तर तिचा नाद सोडावा.

दुसरी वाट हिरो होंडाची. १९८५ च्या सीडी-हंड्रेडचे इंजिन ९७.२ सीसी, बोअर ५०, स्ट्रोक ४९.५. भाग गल्लीगल्लीत मिळतात, पण डर्ट बाइकला ताकद अपुरी. १९९९ साली आलेल्या सीबीझेडचा स्ट्रोक तोच ४९.५, बोअर मात्र ६३.५, म्हणून १५६.८ सीसी. इंजिन हलके, पाच गिअर, किक मारून चालू होणारे. माझ्या मते शिकाऊ गॅरेजने पहिली गाडी याच इंजिनावर करावी. जुने दिसणे हे टाकी, सीट, दिवा आणि रंग यांनी साधते, त्यासाठी जुने इंजिनच लागते असे नाही.

कोणी विचारील, टू-स्ट्रोक का नको? यामाहा आरएक्सची पोरांना भारी हौस असते. पण ते इंजिन वरच्या फेऱ्यांवर एकदम उसळते, खाली दम नसतो, आणि चांगले भाग आता सोन्याच्या भावात. फोर-स्ट्रोक उतारावर गाडी रोखून धरते, हे रामटेकच्या बाजूचा खडकाळ उतार उतरताना कळते.

पुढचा भाग उंचावला की काय बिघडते

पुढचा फोर्क आणि चाक आता शोधावे लागत नाही. हिरो इम्पल्स २०११ मध्ये आली, तिचे पुढचे चाक १९ इंची. २०१६ ची हिमालयन आणि २०१९ ची एक्सपल्स यांचे पुढचे चाक २१ इंची. एक्सपल्सच्या फोर्कची चाल १९० मिलिमीटर आहे. अपघातात सापडलेल्या गाड्यांचे हे भाग बाजारात येतात. फोर्कच्या नळ्या मात्र जमिनीवर काच ठेवून लोळवून पाहाव्यात, केसभर वाक असला तरी घेऊ नयेत.

हा फोर्क दुसऱ्या चेसिसला बसवताना खालची टी अडते, कारण तिचा दांडा आपल्या चेसिसच्या नळीशी जुळत नाही. इथे लेथवाला लागतो. नव्या टीमधला दांडा प्रेसवर काढून आपल्या चेसिसचा दांडा बुश करून प्रेसने बसवावा आणि खालून वेल्डचा पक्का टाका द्यावा. साध्या छर्ऱ्यांच्या कोनसेटऐवजी टेपर रोलर बेअरिंग घालावे, आदळआपट तेच सोसते.

आता खरी गोम. लांब फोर्क आणि मोठे चाक यांनी पुढचा भाग वर जातो आणि फोर्कचा कल वाढतो. दोन चाकांतले अंतर १३०० मिलिमीटर धरले आणि पुढचा भाग ५० मिलिमीटर उचलला, तर कल सुमारे सव्वादोन अंशांनी वाढतो. ऐकायला थोडे वाटते, पण तेवढ्याने गाडी वळायला नकार देते, हँडल जड होते. उपाय म्हणजे मागचा भागही तितकाच उचलणे. आमच्याकडे आलेल्या निम्म्या अर्ध्यामुर्ध्या गाड्यांत दोष हाच होता: पुढून उंट, मागून बकरी.

मागचा भाग उचलण्यासाठी लांब शॉकअप लावतात, किंवा चाकाची चाल वाढवायला शॉकअपचे खालचे टोक चिमट्यावर पुढे सरकवतात. १९७० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत ही पद्धत सर्रास होती. पण हिशेब समजून घ्या. टोक पुढे सरकवून चाकाची चाल दीडपट केली, तर शॉकअपवर येणारे बळही दीडपट होते आणि त्याचे दबणे दीडपटीने कमी होते. म्हणजे स्प्रिंग दीड गुणिले दीड, सव्वादोन पट कडक हवी. जुनीच स्प्रिंग ठेवली तर पहिल्याच खड्ड्यात मडगार्ड टायरला घासते आणि दोष वेल्डिंगवाल्याला देतात.

चेनचा एक धडा

हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण याची किंमत मी स्वतः मोजली आहे. आमच्या पहिल्या गाडीला आम्ही चेन नेहमीप्रमाणे स्टँडवर, चाक लोंबकळत असताना ताणली. बोटाने दाबून पाहिली, झोल ठीक वाटला. गाडी मैदानावर नेली, पोराने पहिलीच उडी मारली, आणि खाली येताच गिअरबॉक्समधून कडाड् आवाज आला. पुढच्या स्प्रॉकेटमागच्या बेअरिंगची कड फुटली होती. अॅल्युमिनियमचे वेल्डिंग, नवे बेअरिंग, पुन्हा फिटिंग, सगळी मजुरी त्यातच गेली. गिऱ्हाईकाला आम्ही एक पैसा मागितला नाही, चूक आमचीच होती.

झाले असे की चिमटा ज्या बोल्टवर फिरतो तो आणि पुढचे स्प्रॉकेट एका ठिकाणी नसतात. चाक वरखाली होताना मागच्या आणि पुढच्या स्प्रॉकेटमधले अंतर बदलते. पुढचे स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की अंतर सर्वांत जास्त आणि चेन सर्वांत ताठ. साध्या गाडीत चाल कमी असल्याने फरक जाणवत नाही, लांब चालीच्या गाडीत जाणवतो. म्हणून शॉकअप काढून ठेवा, चिमटा हाताने उचलून तिन्ही मध्यबिंदू दोरीने एका रेषेत आणा, आणि त्या जागी थोडा झोल राहील अशी चेन ताणा. मग शॉकअप बसवल्यावर चेन लोंबलेली दिसेल. गिऱ्हाईक म्हणेल ढिली आहे. म्हणू द्या.

चेनचा नंबरही पाहावा. जुन्या बुलेटची चेन पाच-अष्टमांश इंच पिचची, हिरो होंडाची ४२८ नंबरची, म्हणजे अर्धा इंच पिच. इंजिन एकाचे आणि मागचे चाक दुसऱ्याचे असेल तर दोन्ही स्प्रॉकेट एकाच नंबरची करून घ्यावी लागतात. जुन्या बुलेटला तर मागचे स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रमशी एकजीव असते, ते बदलणे लेथचे काम. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, हे डोळ्याने न पाहता लांब सरळ पट्टी लावून पाहावे.

दात किती, तर मातीसाठी मागे जास्त, पुढे कमी. समजा आधी पुढे १५ आणि मागे ४२ दात होते. पुढे १३, मागे ४८ केले तर चाकावरची ओढ सुमारे एकतृतीयांशाने वाढते आणि कमाल वेग साधारण चौथ्या हिश्शाने घटतो. शेतात ८० च्या वेगाने कोण जातो?

चेसिस कापताना

नळी कापून नुसती टोकाला टोक लावून वेल्ड करू नये. आत घट्ट बसणारी दुसरी नळी किमान दोन इंच दोन्ही बाजूंना जाईल अशी घालावी, काप तिरका घ्यावा, बाजूने भोके पाडून तिथेही वेल्ड भरावा. पाण्याची जीआय पाइप स्वस्त म्हणून चेसिसला वापरणारे लोक आहेत. तिच्यावरच्या जस्ताने वेल्ड सच्छिद्र होतो, आणि त्या धुराने रात्री ताप भरतो हे प्रत्येक वेल्डरला माहीत आहे. साध्या पोलादाची ईआरडब्ल्यू नळी घ्या.

आधी सर्व जोडांना नुसते टाके मारावेत. चाके, टाकी, सीट लावून, माणूस बसवून सर्व मापे पाहावीत, मगच पूर्ण वेल्ड. इंजिनाच्या माउंटिंग प्लेटा आधी पुठ्ठ्यातून कापाव्यात. शागिर्दाला हे काम द्यावे, हात बसतो आणि लोखंड वाया जात नाही. वेल्ड करताना सीडीआय, रेक्टिफायर आणि बॅटरी सोडवून बाजूला ठेवावी.

मडगार्डबद्दल एक स्थानिक गोष्ट. वैदर्भीय काळी माती पावसात टायरला लपेटते आणि खालच्या मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरेनासे होते. पुढचे मडगार्ड उंच, खालच्या टीला अडकवलेले असते ते याचसाठी, केवळ दिसायला नव्हे. उन्हाळ्यात याच मातीची धूळ होते. पोरांना एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावायची हौस असते. नागपूरच्या मे महिन्यातल्या धुळीत तसे इंजिन पिस्टन-रिंगा पाहता पाहता झिजवते. डबा ठेवा, फोम फिल्टरला तेल लावा, इंजिनाची ब्रीदर नळी टाकीखालून वर न्या.

आणि पेट्रोल. २०२५ पर्यंत पंपांवर सर्वत्र २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. जुन्या कार्ब्युरेटरचे रबर, जुन्या नळ्या, फायबरची टाकी आणि टाकीच्या आतला लेप यांना ते मानवत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी आणि मिश्रण पातळ पडते. जेट एक नंबर मोठा घालून प्लगचा रंग पाहावा. पांढुरका आला तर इंजिन तापते आहे, विटकरी-तपकिरी हवा. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवायला गिऱ्हाईकाला सांगा.

कागद

इथे सर्वांत जास्त सावध राहायचे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. 'प्रत्येक बदलाला' हे शब्द गिऱ्हाईकाला वाचून दाखवावेत.

गिऱ्हाईक म्हणेल, विंटेजमध्ये नोंदवू. नाही होणार. २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी. चेसिस-इंजिन बदललेली मिश्र गाडी त्यात कधीच बसणार नाही, आणि बसली तरी विंटेज नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

तेव्हा अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नाही, खाजगी शेत, फार्म हाउस किंवा शर्यतीचा बंदिस्त ट्रॅक यांवरच चालवायची आणि तिथवर टेम्पोतून न्यायची, हे लेखी घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. पेंचच्या जंगलात नेईन म्हणणाऱ्याला तर साफ नाही म्हणा, वनखात्याचा कायदा आणखी कडक आहे. गिऱ्हाईक अठरा वर्षांखालचे असेल तर सही वडिलांची घ्या. अल्पवयीनाने रस्त्यावर गाडी चालवली तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा धोका सुट्या भागांचा. कबाड्याकडून आलेले इंजिन चोरीचे निघाले तर 'मला माहीत नव्हते' एवढे म्हणून सुटका होत नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि आपल्याला ठाऊक नव्हते हे दाखवायला कागदच लागतो. प्रत्येक इंजिन आणि चेसिसमागे विकणाऱ्याचे बिल, ओळखपत्राची प्रत, नोंदणी पुस्तकाची प्रत आणि दोन्ही नंबरांचा फोटो, हे सर्व एका रजिस्टरात. नंबर घासलेले इंजिन फुकट मिळाले तरी दुकानात आणू नका. गाडी मोडीत निघाली असेल तर मालकाने आरटीओला चौदा दिवसांत कळवायचे असते (कलम ५५), ते कळवले का हे विचारा. आपल्या वस्तीत भंगाराचा धंदा करणाऱ्यांवर आधीच नजर असते. रजिस्टर हाच आपला साक्षीदार.

आता तो पहिला प्रश्न, "किती होतील?" ठोक आकडा देऊ नये. भाग गिऱ्हाईकाने आणावेत किंवा त्याच्या समक्ष बिलाने घ्यावेत. मजुरी टप्प्यांनी ठरवावी: चेसिस आणि चाके उभी राहणे हा एक, इंजिन बसून चालू होणे हा दुसरा, वायरिंग-रंग-चाचणी हा तिसरा. प्रत्येक टप्प्याचे पैसे आधी, मगच पुढचे काम. लेथ, टिग वेल्डिंग, रंग हे बाहेरचे काम असेल तर त्याची चिठ्ठी जोडावी. अशी गाडी मध्येच सोडून जाणारी गिऱ्हाइके पुष्कळ असतात. अर्धवट सांगाडा कोपऱ्यात वर्षभर गंजत पडतो आणि जागा अडवतो, म्हणून किती दिवसांनी जागाभाडे लागेल तेही कागदावर असावे. वर्षाची उलाढाल फक्त मजुरीची असेल तर वीस लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यापुढे गेलात तर हिशेबनीस गाठा.

ज्यांचे वेल्डिंग चांगले आहे त्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजांकडेही पाहावे. २००७ पासून पिथमपूरला होणाऱ्या बाजा स्पर्धेसाठी विद्यार्थी दरवर्षी रानगाड्या बांधतात. त्यांना नळी वाकवणारा आणि सरळ वेल्ड मारणारा माणूस हवा असतो. ते काम कागदोपत्री स्वच्छ, आणि पैसे कॉलेजकडून.

गाडी तयार झाल्यावर ती लगेच देऊ नये. रिकाम्या मैदानावर दोन तास हळू चालवून परत आणावी. आरे पुन्हा आवळावेत, नव्या चाकाचे आरे पहिल्या तासातच ढिले पडतात. प्रत्येक वेल्डवर घासलेट लावून पुसावे आणि वर खडूची भुकटी फासावी. तडा असेल तर तेल पाझरून खडूवर काळी रेघ उमटते. इंजिनाच्या माउंटिंगचे बोल्ट, चिमट्याचा बोल्ट आणि कोनसेट पुन्हा तपासून मगच चावी हातात द्यावी, आणि देताना रजिस्टरात तारीख टाकून सही घ्यावी.